मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात संसार केला तर मुलांचं नुकसान होतं का?

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही दोघंही नर्सिंग केलेले, मुलगी चार वर्षांची, मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यातून बोलावणं आलंय आणि दोन्हीकडची वडीलधारी माणसं म्हणताहेत की पोरीचं वाटोळं कराल. मी आणि माझे मिस्टर १९९७ पासून चोवीस वर्षं अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याच्या बाजूला, अशाच एका दवाखान्यात होतो. मी वॉर्डात सिस्टर, ते फिजिओथेरपीत. गेलो तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती, मुलगा तिथेच झाला. माझं उत्तर आहे, जा. मात्र आम्ही एक चूक केली, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून एवढं लिहायला बसले.

आधी रोगाचं. तुम्हाला हे ठाऊक असणारच, पण घरच्यांना समजावताना उपयोगी पडेल. बहुतेकांच्या अंगात कुष्ठरोगाविरुद्ध मुळातच प्रतिकारशक्ती असते. एमडीटी, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार, सुरू झाली की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून लागण व्हायची भीती जवळजवळ संपते आणि सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांत रोग बरा होतो. वॉर्डात महिनोन्‌महिने राहतात ते बहुतेक रोग गेलेले, पण मज्जातंतू निकामी झालेले लोक. तळपाय बधिर. काटा रुतला, चपलेत खडा गेला, चुलीचा चटका बसला, काहीच कळत नाही, आणि जखम हाडापर्यंत जाते.

हे सगळं माहीत असूनही आईचं मन ते आईचं मन. दर सहा महिन्यांनी मुलांना आंघोळ घालताना मी पाठ, दंड, मांड्या उजेडात नीट बघायचे. कुष्ठरोगाचा डाग बधिर असतो, म्हणून फिकट डाग दिसला की म्हणायचे, "डोळे मीट, पेन लागेल तिथे बोट ठेव." मुलीला तो खेळच वाटायचा, डाग नसला तरी ती पेन घेऊन यायची. दोघांनाही कधी काही झालं नाही.

शाळेत त्रास झाला. मुलगी दुसरीत असताना एका आईने तक्रार केली आणि डब्याच्या सुट्टीत तिला वेगळं बसवायला लागले. आम्हाला ते पंधरा दिवसांनी कळलं. मिस्टरांनी मुख्याध्यापकांना भेटून पालकसभेत अर्धा तास मागून घेतला. चट्टा कसा ओळखायचा, औषध फुकट मिळतं, वेळेत घेतलं तर हातपाय वाकडे होत नाहीत, सगळं सांगितलं. दोन महिन्यांनी त्याच सभेतले एक गृहस्थ आपल्या भावाला घेऊन दवाखान्यात आले. पण ते पंधरा दिवस माझी पोर एकटी जेवत होती, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

भीतीची एक रात्रही होती. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमोथी, यांना मनोहरपूर गावात गाडीत जिवंत जाळलं. बातमी आली त्या रात्री आम्ही मुलीला मध्ये घेऊन जागेच होतो. परत जावं असं मला वाटलं, मी तसं बोललेही. ग्लॅडिस स्टेन्सनी मारणाऱ्यांना क्षमा केली आणि मुलीला घेऊन पुढेही काही वर्षं तिथेच काम केलं. त्या बाईच्या जागी मी असते तर मला जमलं असतं असं मी म्हणणार नाही. सकाळी मात्र वॉर्डातल्या म्हाताऱ्या क्वार्टरच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. एकजण म्हणाली, "बाई, तुमी निजा. आमी हाओ ना इथं."

मुलांना आजी मिळाल्या त्या याच. कुणाला नवऱ्याने सोडलेलं, कुणाला मुलांनी दवाखान्याच्या फाटकाशी आणून ठेवलेलं. जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत घटस्फोटाचं कारण होतं, यावरून काय ते समजा. मेळघाटातली एक कोरकू आजी होती, तिच्या दोन्ही हातांची बोटं आखडलेली. माझ्या मुलाला ती तळहातांच्या मध्ये धरून भाकरीचा घास भरवायची. नाताळात तो पहिलं करंजीचं ताट तिच्याकडे घेऊन जायचा, आम्ही न सांगता.

आता ती चूक. मुलगा आठ वर्षांचा असताना पेरूच्या झाडावरून पडला. दुपारी दोनची गोष्ट. माझं ड्रेसिंग चालू, मिस्टर रुग्णांच्या रांगेत. शेजारच्या ताई मला बोलवायला निघाल्या तर त्याने त्यांना थांबवलं, "आईला सांगू नका, तिचं देवाचं काम चालू आहे." हात पोटाशी धरून संध्याकाळी सहापर्यंत तो खाटेवर पडून होता. मी आले, शर्ट काढायला गेले तेव्हा ओरडला. मनगटाच्या वर हाड मोडलं होतं.

त्या रात्री मिस्टर प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन बसले होते. रोज शंभर माणसांना ते एकच सांगायचे, की पाय दुखत नाही म्हणून गाफील राहू नका, संध्याकाळी पाय पाण्यात भिजवा, खरखरीत कातडी घासा, तेल लावा, तळवा उलटा करून बघा. आणि आमचं स्वतःचं लेकरू दुखत असून न सांगायला शिकलं होतं. शिकवणारे आम्हीच. गॅदरिंगला आलो नाही, देवाचं काम होतं. गोष्ट सांगितली नाही, देवाचं काम होतं. असं म्हटलं की मूल गप्प बसतं, कारण देवाविरुद्ध तक्रार कशी करणार? त्यानंतर मुलांसमोर ते वाक्य आम्ही बंद केलं. "वॉर्डात माणूस अडलाय" किंवा "मी दमलेय" असं खरं सांगू लागलो. त्यावर मुलं चिडू शकतात, भांडू शकतात. संध्याकाळच्या प्रार्थनेत रुग्णांची नावं घेण्याआधी मुलांचा दिवस ऐकायचा, असं ठरलं. कधी त्यातच अर्धा तास जायचा आणि प्रार्थना दोन मिनिटांत उरकायची. प्रभूला ते चाललं असेल, असा माझा विश्वास आहे.

होस्टेलचंही विचार करून ठरवा. कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर वेल्लोरला शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामाची करणारे डॉ. पॉल ब्रँड हे तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातल्या मिशनरींचे पुत्र. नऊ वर्षांचे असताना त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये ठेवलं. १९२९ मध्ये वडील वारले, तोवर बापलेकांची पुन्हा भेट झाली नाही. आमच्या मुलीला पाचवीत बाहेर ठेवायचा सल्ला सगळ्यांनी दिला होता, आम्ही दहावीपर्यंत जवळच ठेवली. इंग्रजी थोडं कच्चं राहिलं, पुढे नागपूरला दोन वर्षं झगडावं लागलं. तरी मला पस्तावा नाही.

पगार कमी असेल, कधी उशिराही होईल. क्वार्टर आणि दवापाणी मिळतं, काटकसरीने भागतं.

होकार कळवण्याआधी दवाखान्याला पत्र लिहून काही गोष्टी विचारा. दोघांची नाइट ड्यूटी एकाच आठवड्यात लावणार नाहीत ना? पाचवीनंतरची शाळा किती लांब आहे आणि मुलांना न्यायला गाडी असते का? वर्षाची सुट्टी सलग मिळते का? आणि मुलीला घेऊन आधी चार दिवस तिथे राहून या. फक्त ऑफिसात बसू नका, संध्याकाळी पाय भिजवायला सगळे हौदापाशी जमतात तेव्हा तिलाही तिथे न्या.