वर्गात कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या मुलाला मित्र कसे मिळवून द्यावेत?

आपल्या तिसरीतल्या मुलाला कोणी त्रास देत नाही, पण खेळायलाही बोलावत नाही, तेव्हा वाढदिवसाला सगळा वर्ग घरी बोलवावा का, असे आपण विचारले आहे. बोलवू नका. त्या गलक्यात तो स्वतःच्याच घरी कच्चे लिंबू ठरेल.

मी 26 वर्षे खेड्यातील प्राथमिक शाळेत शिकवले. एका वर्षी चौथीच्या मुलांना, शेजारी कोण बसलेले आवडेल अशी दोन नावे चिठ्ठीवर लिहायला सांगितली. 31 चिठ्ठ्यांत एका मुलीचे नाव एकदाही आले नाही. मला अधिक लागले ते हे, की तोवर ती माझ्याही ध्यानात नव्हती. हजेरीला ‘हजर’ म्हणणारा एक आवाज, एवढीच तिची ओळख होती.

चारचौघांत बोलल्याशिवाय भीड चेपत नाही, असे म्हणून मुख्याध्यापकांनी तिला परिपाठात गोष्ट सांगायला उभे केले. फ्रॉकचा काठ बोटाला गुंडाळत ती दोन वाक्यांवर थांबली आणि पुढचे आठ दिवस परिपाठ संपल्यावरच शाळेत आली. मी हरकत घेतली, तेव्हा बाई मुलांना लाडावून ठेवतात, असे मला सर्वांदेखत ऐकवण्यात आले.

मग मी तिच्या चिठ्ठीतलीच एक मुलगी सोबत देऊन दोघींवर परसबागेला पाणी घालण्याचे काम सोपवले. बादली मुद्दाम मोठी दिली, एकटीला न उचलणारी. पहिल्या दिवशी पावले जुळेनात, निम्मे पाणी पायांवर सांडले. आठवड्याभरात ‘थांब, हात बदलू’ एवढे बोलणे सुरू झाले, आणि दिवाळीनंतर लगोरीचे गट पाडताना त्या मैत्रिणीने तिला आपल्या गटात मागून घेतले. 1971 साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला, म्हणजे कोणालाही वगळून धडा पुरा होईना. माझ्या बादलीचे तत्त्व तेच होते. भीड चेपायला आधी एक सोबती लागतो, हे मी तेव्हाही सांगत होते.

म्हणून वर्गशिक्षकांकडे दोघांनी मिळून करायचे काम मागा आणि रविवारी एकाच मुलाला घरी बोलवा. मात्र मुले त्याला चिडवत किंवा मुद्दाम टाळत असतील, तर एवढ्याने भागणार नाही. तो एकटाच मजेत रमत असेल, तर त्याच्या मागे लागू नका. शाळेत महिनोन्‌महिने तोंडच उघडत नसेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. आणि धीट व्हावा म्हणून त्याला स्नेहसंमेलनात उभे करू, असे कोणी म्हणाले, तर स्पष्ट नकार द्या.