म्युनिक ऑलिंपिकचं १० मार्कांचं नाणं: टंच, पारख आणि साफसफाई

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: १९७२ च्या ऑलिंपिकचं 'इन डॉइचलांड' (म्हणजे 'जर्मनीत') लिहिलेलं नाणं दुर्मीळ आहे का, सोनार पूर्ण चांदीचा भाव का देत नाही, आणि काळवंडलेलं नाणं उजळायचं कसं.

दुर्मीळ नाही. या मालिकेत सहा प्रकार आणि एकूण १० कोटी नाणी निघाली. त्यातलं तुमचं पहिलं, १९७० मध्ये आलेलं. ऑलिंपिक शहराला मिळतं, देशाला नाही, असा आक्षेप पूर्व जर्मनीच्या बाजूने आला आणि मजकूर 'इन म्युन्शेन' (म्हणजे 'म्युनिकमध्ये') असा बदलला. गोष्ट सुरेख आहे, पण जुन्या मजकुराचीही १ कोटी नाणी आहेत. नाण्यावरची डी, एफ, जी, जे ही अक्षरं म्युनिक, स्टुटगार्ट, कार्ल्सरूह आणि हॅम्बुर्ग या टांकसाळींची.

सोनार फसवत नाहीये. टंच ६२.५ आहे, म्हणजे शेकडा ६२.५ भाग चांदी, बाकी तांबं. वजन १५.५ ग्रॅम, म्हणजे शुद्ध चांदी ९.६९ ग्रॅम; तिला त्या दिवसाच्या भावाने गुणा. जर्मनीची मध्यवर्ती बँक आजही १० मार्कांचे ५.११ युरो देते, पण चांदीच त्याहून जास्तीची आहे. कसोटीवर मात्र घासू देऊ नका, त्या एका ओरखड्याने संग्राहक हातचा जातो.

पारख घरीच होते. व्यास ३२.५ मिमी, कडेवर 'सिटियस आल्टियस फोर्टियस'. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला वा काठाला टेकू देऊ नका. १.५७ ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. १.७४ आला तर तांबं-निकेलचं समजा. बुडबुडे चिकटले तरी आकडा वाढतो, म्हणून हलकेच हलवून परत बघा. आरशासारखी पार्श्वभूमी असलेलं प्रूफ नाणं असेल तर हा प्रयोग नको, वजन आणि व्यास पुरे.

आता साफसफाई, आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. चिंच, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काहीही लावू नका. काळेपणा हा गंधकाने धरलेला थर आहे. तो घासून काढलात की खालची चांदीही जाते आणि नाणं तिरकं धरलं की केसासारख्या रेघा चमकतात. त्या कायमच्या. एकसारखा करडा रंग खुशाल राहू द्या. हिरवट चिकटपणा असेल तर तो पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाकिटाचा. त्यातून सुटणारं आम्ल मिश्रधातूतलं तांबं खातं. तो काढायलाच हवा: काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, आणि गॅसपासून लांब), पाच-दहा मिनिटं. मग डिस्टिल्ड पाण्यात बुचकळून मऊ टिश्यूने नुसतं टिपायचं, पुसायचं नाही. कडेनेच धरा, पीव्हीसी नसलेल्या कॅप्सूलमध्ये ठेवा, आणि कोकण-मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून पावसाळ्याआधी बदलत जा.