आधी चुलीवर काय आहे ते बघ

पोरी,

तुझा मेसेज मिळाला. रात्री साडेअकराला पाठवलायस, म्हणजे झोप लागली नसणार. उजनीकाठच्या भोई कुटुंबांसाठी प्रकल्प लिहायचाय. साहेब म्हणतात पिंजऱ्यातलं मत्स्यपालन घाला, म्हणजे धरणाच्या पाण्यात जाळीचे पिंजरे सोडून त्यात मासे वाढवायचे, उत्पादन किती टनांनी वाढेल ते दाखवा. आणि तू परवा करमाळ्याकडच्या काठावर एका पालात बसलीस, तर दारात कटला या मोठ्या माशाचे क्रेट भरलेले आणि आत पोरं चटणी-भाकरी खात होती. असं कसं, म्हणून विचारतेस.

असं का, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यात माझाही हात आहे.

आम्ही या काठावरच्या भोई कुटुंबांत काम सुरू केलं तेव्हा जाळं काढलं की मोठी मासळी व्यापाऱ्याला जायची आणि बारीक मासा बाईच्या टोपलीत पडायचा. त्यातलं मूठ-दोन मुठी घरच्या कालवणाला, उरलेलं डोक्यावर घेऊन ती आसपासच्या गावांत फिरायची. पैसे क्वचितच. शेतकऱ्याच्या घरी मासा द्यायचा, ज्वारी घ्यायची. घरं ठरलेली, माणसं ओळखीची. कुठल्याही कागदावर हा व्यवहार नव्हता, त्यामुळे आम्हाला तो दिसलाच नाही. आम्ही वजनाचा काटा आणला, बर्फाची पेटी आणली, टेम्पो लावला. बारीक माशालाही किलोवर भाव मिळवून दिला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. वर्षभरात टोपल्या पालाच्या कोपऱ्यात उलट्या पडल्या. बारीक मासा टेम्पोत, कोंबड्यांच्या खाद्याला. भाव आला तसे जाळ्यांचे आस, म्हणजे भोकं, तीही बारीक होत गेली. आज सगळे वडापवाल्यांना, म्हणजे बारीक आसाच्या जाळ्यानं पिल्लंही ओढणाऱ्यांना, शिव्या घालतात, मीही घालते, पण पिल्लू विकलं जातं हे त्यांना शिकवलं कुणी?

मग 2016चा उन्हाळा आला. धरण उणेत गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचंच उरलं, होड्या गाळात रुतल्या, मासा नाही म्हणून टेम्पो बंद. गावातली माणसं पळसदेवचं बुडालेलं देऊळ बघायला गाड्या करून जात होती. तेव्हा आमच्या गटातली एक बाई जुन्या ओळखीवर ज्वारी उसनी मागायला गेली. त्या शेतकऱ्याघरची ओळखीची सासू वारलेली, सून दारात. सुनेनं विचारलं, "तुम्ही कोण?" बाईनं हे मला सांगितलं ते हसत सांगितलं. मला अजून ते हसू सहन होत नाही.

म्हणून सांगते, आधी चुलीवर काय आहे ते बघ. टन नंतर.

सगळंच चुकलं असंही मी म्हणणार नाही हं. आधीचा दलाल काट्यात मारायचा, उचल देऊन होडी अडकवून ठेवायचा. आमच्या काट्यामुळे चार घरांच्या होड्या सुटल्या, दोन मुली नर्सिंगला गेल्या. आम्ही नसतो आलो तर ते कुणी केलं असतं? बघ, मी परत रुपयांवरच आले. ही सवय जात नाही.

साहेबांना तुझं म्हणणं भाबडं वाटेल, तर त्यांना रोमचा कागद दाखव. लहान मच्छीमारांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं 2014 साली रोममधल्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत मंजूर झाली. त्यांच्या नावातच अन्नसुरक्षा आहे, आणि ती समुद्राइतकीच नदी-तलावांनाही लागू आहेत. ती अर्पण केलीत चंद्रिका शर्मांना. आपल्याकडची बाई, मच्छीमारांसाठी आयुष्य घातलं आणि त्याच वर्षी बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या विमानात गेली. बारीक माशाबद्दल विचारलं तर पोषणतज्ज्ञ शकुंतला थिल्स्टेड यांचं नाव सांग. बांगलादेशातल्या मोला नावाच्या बोटभर माशात जीवनसत्त्व 'अ' किती असतं ते त्यांनी दाखवलं, 2021चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. डोक्या-काट्यासकट खाल्लेला मासा पोराच्या हाडाला लागतो. कटल्याचा तुकडा पुण्याच्या हॉटेलात जातो, तो कुणाच्या हाडाला लागतो ते तूच ठरव.

पिंजरे नकोतच असं नाही. पण पिंजऱ्यात सोडायची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत, खाद्य विकत, आणि तयार झालेला मासा एका दिवसात गाडीत. घरात काय राहणार? 2025मध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिलाय, आता कर्ज मिळेल, वीज सवलतीत मिळेल, छान आहे. पण शेतकरी पीक विकायच्या आधी घरची कणगी भरतो की नाही? मग भोयाच्या घरी कणगी कुठाय, हे विचारायला लाज कसली?

ती कणगी म्हणजे वाळवलेला मासा. पाणी असताना वाळवायचा, धरण आटल्यावर खायचा. वाळूत नको, दातात कचकच येते. जमिनीपासून कंबरभर उंच जाळीवर, मीठ लावून. खर्च पिंजऱ्याच्या एका कोपऱ्याएवढाही नाही, म्हणून तर कुणी मागत नाही. आणि प्रश्न पुरुषांना विचारू नकोस, ते भाव सांगतील. बाईला विचार, तेही संध्याकाळी, भांड्यावरचं झाकण उघडं असताना. आठ दिवस रोज जा. एका भेटीत तुला तीच मासळी दिसेल जी पाहुण्याला दाखवतात.

"मॉडेल कोणतं घेऊ" असं मला परत विचारलंस तर रागावेन. चुलीवर काय आहे ते बघ म्हटलं ना.

शनिवारी टेंभुर्णीला उतर, मी स्टँडवर असेन. वही आण, लॅपटॉप नको. त्या पालातल्या बाईला निरोप दे, बारीक मासा टेम्पोत टाकू नको म्हणावं, दोघी जेवायला येतोय. मी दोन पायली ज्वारी घेऊन येते.

तुझी,
मावशी