सुईत दोरा कोण ओवत होतं?

ताई,
माझी आजी 84 व्या वर्षी गेली, त्याला आता वर्ष होईल. आजोबा लवकर गेले. शिवण आणि भरतकाम यांच्या जोरावर तिने पाच मुलं वाढवली, घर उभं केलं. तिने भरलेले पडदे, रुमाल, भिंतीवरची चित्रं आमच्या प्रत्येकाच्या घरात आहेत. आम्ही नातवंडं तिच्या आठवणींची 64 पानी पुस्तिका काढतोय. 27 लेख आलेत, यादी सोबत जोडली आहे. मोठ्या मामाला पुस्तिकेत फक्त ‘कष्टाळू, सोशिक आई’ हवी आहे. मला ती कलावंत म्हणून दिसायला हवी. शेवटची सहा वर्षं तिला मॅक्युलर डीजनरेशन हा डोळ्यांचा आजार होता, तरी तिचं काम थांबलं नाही (सुईत दोरा ओवून द्यायला धाकटी मावशी असायचीच). तिचं सगळ्यात सुंदर काम मला त्याच काळातलं वाटतं. मुखपृष्ठावर घेतलेलं पाखरांचं चित्रही तेव्हाचंच. पंखांवर राखाडीच्या इतक्या छटा आहेत की बघत राहावं! मामाशी रोज वाद होतात. माझा स्वतःचा लेख तर कागदावर उतरतच नाही, लिहायला बसलं की रडू येतं. मामाला कसं समजावू?
— आजीची नात

अगं, तुझं पत्र जागेअभावी कापून छापलंय. मूळ पत्रात तीन पानं मामावर आहेत. मावशीच्या वाट्याला एक कंस आलाय. मी त्या कंसाबद्दलच बोलणार आहे.

तू ज्या आजाराचं नाव लिहिलंस, त्यात नजरेचा मधला भाग जातो आणि कडेचं दिसत राहतं. माणूस घरात नीट वावरतं, दारावर आपटत नाही, त्यामुळे बघणाऱ्यांना वाटतं की बरंच दिसत असावं. पण समोरच्याचा चेहरा, छापील अक्षर, सुईचं नेढं, म्हणजे टक लावून जे जे बघायचं असतं ते सगळं पुसट होत जातं. जवळजवळचे रंग वेगळे ओळखणं अवघड होत जातं. आता तूच कौतुकाने लिहिलेलं वाक्य परत वाच. राखाडीच्या इतक्या छटा! त्या कुणी निवडल्या?

याचं उत्तर तुमच्या घरात एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तुझ्या 27 जणांच्या यादीत त्या माणसाचं नाव नाही.

आजीचं श्रेय मी काढून घेतेय असं समजू नकोस. आयुष्यभर दांडी टाका घातलेला हात न बघताही घालतो, बोटांनी कापड चाचपत रेघ पकडतो. तेव्हा सगळं मावशीनेच केलं असं मी म्हणत नाही. कदाचित आजी सांगत गेली आणि मावशी भरत गेली. कदाचित रंग मावशीचे आणि टाके आजीचे. कदाचित खरंच फक्त दोराच. पण सहा वर्षं दोघी त्या कापडाशेजारी बसल्या होत्या आणि वर्षभरात तुमच्यापैकी कुणालाही तिला विचारावंसं वाटलं नाही, याचा मला राग आलाय. मामाने आजीला ‘सोशिक आई’ करून टाकलं म्हणून तू चिडलीस ना? तूही मावशीला दोरा ओवणारी करून टाकलंस, तेही कंसात.

पाखरांचं चित्र फ्रेममधून हलक्या हाताने काढ आणि उलटं कर. भरतकामाची मागची बाजू करणारीच्या सहीसारखी असते. कुणी दोरा सुरू करताना गाठ मारतं, कुणी शेपूट टाक्यांखालून ओवून दडवतं. कुणी एका पानावरून पुढच्या पानापर्यंत दोरा तसाच ओढत नेतं, कुणी दर वेळी तोडून नव्याने सुरू करतं. डावखुऱ्या हाताच्या टाक्यांचा कलही उलटा पडतो. आजीची नजर चांगली असतानाचा एखादा रुमाल शेजारी उलटा ठेव आणि दोन्ही नीट बघ. एका चित्रात दोन हात असले, तर बहुतेक वेळा तिथे कळतं.

फ्रान्समधल्या बायो शहराच्या नावाने ओळखलं जाणारं, 11 व्या शतकातलं, जवळजवळ 70 मीटर लांबीचं एक भरतकाम आहे. लोक त्याला टॅपेस्ट्री, म्हणजे विणून काढलेलं चित्र, म्हणतात, पण ते लिननवर लोकरीच्या दोऱ्याने भरलेलं आहे, रेघा बहुतेक आपल्या ओळखीच्या दांडी टाक्याच्याच. 1982-83 मध्ये त्याची मागची बाजू तपासली, तेव्हा उजेड न लागलेले रंग तिथे जास्त ताजे निघाले. त्या कापडावर ज्याचा विजय रंगवलाय त्या राजाचं, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचं, नाव तिकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. भरणाऱ्यांपैकी एकाही हाताचं नाव कुणाला सांगता येत नाही, कारण विचारायचं तेव्हा कुणी विचारलं नाही. तुझी मावशी अजून आहे. तिला विचारता येतं.

तुझा लेख उतरत नाही, तो रडू येतं म्हणून नाही. तुझ्याकडे विशेषणं आहेत आणि तपशील नाहीत. ‘प्रतिभावान’, ‘रंगांची विलक्षण जाण’, इतकं लिहून झालं की पुढे काय लिहिणार? ती कुठल्या उजेडात बसायची? दोरा कात्रीने तोडायची की दाताने? टाका चुकला तर उसवायची, की त्या चुकीचंच एक जादा पान करून पुढे जायची? दिसेनासं झालं तेव्हा पहिल्यांदा काय म्हणाली? चिडली का? काम भिरकावून दिलं का कधी? हे सगळं मावशीने पाहिलंय. आणि यातलं काही कळलं ना, की मामाची सोशिक आई आणि तुझी कलावंत या दोघींपेक्षा खरी बाई तुला भेटेल.

म्हणून मावशीकडे जा. एकटी जा, मामाला नेऊ नकोस. ‘पुस्तिकेसाठी लेख दे’ म्हणू नकोस, ‘मला कुठे लिहिता येतं’ म्हणून ती विषय मिटवेल. ‘आजी कशी होती?’ हेही विचारू नकोस, 27 लेखांतलीच वाक्यं परत ऐकायला मिळतील. चित्र तिच्या मांडीवर ठेव. तिची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग सुरू कर. एका पंखावर बोट ठेवून विचार, ‘हा रंग कसा ठरला गं?’ आणि मग गप्प राहा. मध्ये कितीही वेळ शांतता गेली तरी तू बोलू नकोस.

सुरुवातीला ती म्हणेल, ‘सगळं आईचंच, मी काय केलंय.’ घाई करू नकोस, पुढच्या पंखावर बोट ठेव. तुम्ही सगळ्यांनी आजी गमावली. तिने आई गमावली आणि रोजचं कामही गमावलं. वर्षभर तिचे हात रिकामे आहेत. दुपारी ती काय करते, हे तुला माहीत आहे का? तेही विचार, पुस्तिकेसाठी नाही, तिच्यासाठी.

आणि अर्धं काम तिचं निघालं, तर तसंच लिही, कुणी काहीही म्हणो. समोरचं दिसेनासं झाल्यावर अख्खं चित्र मनात धरून ते लेकीच्या हातून उतरवून घेणं, याला मी तरी तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणेन. आईच्या मनातलं ओळखून रंग निवडणं हेही तितकंच मोठं.

चित्र परत लावताना दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेव. खिडकीसमोर टांगू नकोस, उडालेला रंग परत येत नाही. काच कापडाला टेकता कामा नये आणि मागे पुठ्ठ्याला गोंदाने चिकटवणं तर अजिबात नको. बाकीचं भरतकाम प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर बाहेर काढा, आत ओल धरते. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा. घड्या नकोत, घडीवर दोरे तुटतात.

छपाई थांबव. वर्ष भरतं त्याच दिवशी पुस्तिका हातात आली पाहिजे असं काही नाही, आणि मामाशी वाद घालायला पुढे भरपूर दिवस पडलेत. या रविवारी मावशीकडे जा, आजच फोन करून तिला सांग. मुखपृष्ठावरच्या चित्राखाली कुणाचं नाव घालायचं, हे तिच्याशी बोलून झाल्यावरच छापखान्याला कळव.