वडिलांच्या (वय 68, सोलापूर) पोटातल्या महाधमनीचा फुगवटा सहा महिन्यांत 4.1 चा 4.6 सेंमी झाला. ऑपरेशन लगेच करावं का?

सोनोग्राफीचे दोन्ही रिपोर्ट वेगवेगळ्या सेंटरचे आहेत ना? मग फुगवटा वाढलाच, असं आत्ताच धरू नका. एकाने कॅलिपर (स्क्रीनवर माप घ्यायची खूण) धमनीच्या भिंतीच्या आतल्या कडांवर ठेवला आणि दुसऱ्याने बाहेरच्या, तर तेवढ्यानेच 3-4 मिमी फरक पडतो. माप कुठून कुठपर्यंत घेतलं हे न लिहिता नुसता आकडा देणारा रिपोर्ट तुलनेसाठी निरुपयोगी आहे, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय.

सोनोग्राफी नीट करायची तर छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत, म्हणजे धमनीचे दोन फाटे होतात तिथपर्यंत, आडव्या छेदाची प्रतिमा घेत यायचं. जिथे सगळ्यात रुंद, तिथे पुढून मागे मोजायचं. उतारवयात धमनी वाकडी झालेली असते. प्रोब (पोटावर फिरवतात ते उपकरण) तिला काटकोनात धरला नाही तर छेद तिरका जातो आणि माप फुगतं. उलट चूक जास्त घातक. कलर डॉप्लरमध्ये वाहतं रक्त तेवढंच रंगतं, भिंतीला चिकटलेली गुठळी रंगत नाही. रंगाचा भाग मोजला की 5 सेंमीचा फुगवटा 3 चा दिसतो. आणि 'गॅसमुळे दिसली नाही' एवढं लिहून पेशंटला घरी पाठवणं मला अजिबात पटत नाही. प्रोब दाबून धरा, कुशीवर वळवा, डाव्या बरगडीखालून बघा, नाहीतर उपाशीपोटी परत बोलवा.

तुम्ही याच आठवड्यात, 6-8 तास उपाशी ठेवून, जुन्या फिल्म घेऊन एकाच ठिकाणी माप पुन्हा करून घ्या. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायचीच. पुढच्या सगळ्या तपासण्याही तिथेच. विडी ओढत असतील तर आजपासून बंद. विडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा आपल्याकडचा समज साफ खोटा आहे.

ऑपरेशनचा विचार पुरुषांत साधारण 5.5 सेंमीला होतो, बायकांत 5 ला. मात्र सहा महिन्यांत 5 मिमी वाढ खरीच असेल तर तो वेग जास्त आहे. व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनला लगेच दाखवा. अचानक पोटात किंवा पाठीत जोराची कळ आली, घेरी आली, तर सोनोग्राफीच्या रांगेत बसू नका. सोनोग्राफीत फुगवटा दिसतो, गळती खात्रीने दिसत नाही. थेट सीटी आणि सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा.