खर्जाच्या चार तारा: बेस वाजवणाऱ्यांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात बेस गिटारबद्दल आलेली पत्रं बहुतेक हौशी वाद्यवृंदांतली आणि कॉलेजच्या बँडमधली आहेत. "कोणता घेऊ?" हा प्रश्न जवळपास प्रत्येकात आहे. आमचं म्हणणं इतकंच, की आधी हातातला बेस आणि स्टेजवरची वीज तपासून घ्या, दुकानात नंतर जा.

प्रश्न: जून लागला की माझ्या बेसची ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या चार-पाच फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खरखरते. दिवाळीनंतर खरखर जाते, पण मग तारा उंच वाटायला लागतात. ओळखीच्या एकानं फ्रेट घासून घ्यायला सांगितलंय. घासू का? तारांना गंजही फार लवकर चढतो. (रत्नागिरी)

उत्तर: घासू नका. फ्रेट एकदा घासली की परत येत नाही, आणि ऋतूबरोबर येणारी-जाणारी खरखर फ्रेटची नसतेच. ती नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, बाकाची असते. ४५ ते १०५ जाडीच्या (इंचाचे हजारावे भाग) चार तारा मिळून नेक साधारण ७५ ते ८० किलोच्या ताणानं ओढतात, आणि आतला ट्रस रॉड (दांड्यातली धातूची सळई) उलट्या बाजूनं ओढून ती तोलतो. हवेतली ओल वाढली-कमी झाली की लाकूड हलतं आणि हा तोल बिघडतो. कुठल्या बाजूला बिघडेल हे त्या त्या लाकडावर असतं, म्हणून अंदाजानं पाना फिरवायचा नाही, मोजायचं.

त्यासाठी मोटरसायकलच्या टॅपेटला लावतात ते फीलर गेज लागतं. ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतं. बेस आधी नेमक्या सुरात लावा आणि वाजवताना धरता तसाच मांडीवर धरा; आडवा टेबलावर ठेवलात तर माप चुकतं. ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपोनं (तार दाबून धरणाऱ्या चिमट्यानं) दाबा आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर बोटानं दाबा. आता ही ताणलेली तार म्हणजेच तुमची सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात फट किती आहे ते पाहा. ०.३० ते ०.३५ मिमीचं पातं तार न उचलता अलगद सरकलं तर नेक ठीक आहे. फट ०.१५ च्या खाली असेल आणि पहिल्या पाच फ्रेटवरच खरखर असेल तर नेक गरजेपेक्षा सरळ झाली आहे: ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या उलट दिशेनं सैल करा. फट ०.५ च्या वर असेल तर घड्याळाच्या दिशेनं आवळा. एका वेळी अष्टमांश फेरा, फार तर पाव. मग पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा, आणि रात्रभर तसाच ठेवून सकाळी आणखी एकदा मोजा, कारण लाकूड सावकाश बसतं.

पाना नेमक्या मापाचाच हवा. इंचाची अॅलन की मिलिमीटरच्या नटात "जवळपास" बसते, आणि नटाचे कोपरे गोल होतात ते तिथेच. नट फिरायला अडला तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या. रॉड तुटला तर नेकच गेली.

बाक लागल्यावर उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीनं मोजा: ई तारेला २.५ मिमी, "जी" तारेला (सगळ्यात बारीक) २ मिमी ही चांगली सुरुवात. जोरात वाजवणाऱ्यानं थोडी जास्त ठेवावी. सगळ्यात शेवटी सूर जुळवा. बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता, नुसत्या स्पर्शानं निघणारा सूर) ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार ज्यावर टेकते तो तुकडा) मागे घ्या, उतरा असेल तर नेककडे आणा. बाक, उंची, सूर हा क्रम मोडायचा नाही; बाक बदलला की उंची बदलते, उंची बदलली की सूर. एवढं करूनही एकाच फ्रेटवर, एकाच जागी खरखर उरली, तरच त्या फ्रेटवर शंका घ्या. आणि जी खरखर नुसत्या बेसवर ऐकू येते पण अॅम्पमधून येत नाही, तिच्यामागे लागू नका.

गंजासाठी: वाजवून झालं की प्रत्येक तार सुती फडक्यात चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत, खालच्या बाजूनंही पुसा. कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला बेस टेकवू नका. तारा उकळण्याची युक्ती खरी आहे. दहा मिनिटं उकळल्या की वेटोळ्यांतला मळ सुटतो आणि थोडे दिवस चमक येते. गंज मात्र उकळून जात नाही, आणि गंजलेली तार फ्रेट खाते. ती बदलायचीच. नवी तार कापण्याआधी पक्कडीनं काटकोनात वाकवा, मग वाकाच्या पुढे कापा. तशीच कापलीत तर वरचं वेटोळं आतल्या तारेवर सैल होतं आणि नवी तारही मेल्यासारखी वाजते. खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटीमीटर राखलं की दोन-तीन वेढे नीट बसतात.

प्रश्न: माझा ४० वॅटचा अॅम्प ड्रमरपुढे ऐकूच येत नाही, आणि गिटारवाल्याचा ३० वॅटचा खोली दणाणून सोडतो. १०० वॅटचा घेऊ का? (पुणे)

उत्तर: ४० वरून १०० वर गेलात तर फरक ४ डेसिबलचा, म्हणजे "जरा मोठा" वाटेल इतकाच. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. गिटारशी तुलना करू नका. तिचा सगळा जीव कान ज्याला सगळ्यात तिखट असतो त्या पट्ट्यात आहे. तुमची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची आहे, आणि तिथे माणसाचा कान मुळातच मंद असतो. अॅकॉस्टिक ड्रमसोबत निर्धास्त वाजवायचं तर ३०० वॅटच्या आसपासचा अॅम्प आणि एक १२ इंची किंवा दोन १० इंची स्पीकरची कॅबिनेट हवी. हल्लीची क्लास डी जातीची हेड (स्पीकर नसलेले नुसते अॅम्प) दोन-तीन किलोंची असतात, रिक्षातून नेता येतात.

पण पैसे काढण्याआधी येत्या तालमीत एक करून पाहा. बेसचं बटण मधोमध आणा, किंवा त्याहूनही थोडं खाली. मिड ४०० ते ८०० हर्ट्झच्या भागात वाढवा. घरी एकट्यानं वाजवताना जो गोल, गुबगुबीत आवाज छान वाटतो तो बँडमध्ये किक ड्रम आणि कीबोर्डखाली गाडला जातो. अॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे रेलवा, म्हणजे आवाज गुडघ्यांऐवजी कानांकडे येईल. आणि कीबोर्डवाल्याला प्रेमानं सांगा, की डावा हात खालच्या दोन सप्तकांतून काढ. हौशी बँडमधला निम्मा चिखल त्या डाव्या हाताचा असतो.

हेड आणि कॅबिनेट वेगळे घेतलेत तर ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) पाहा. ८ ओहमच्या दोन कॅबिनेट जोडल्या की ४ होतात, ४ च्या दोन जोडल्या की २. हेडवर "किमान ४" लिहिलं असेल तर दुसरी जोडणी त्याला जाळू शकते. हेडपासून कॅबिनेटपर्यंतची केबलही स्पीकरचीच हवी. गिटारची केबल दिसायला सारखी असली तरी आतली तार बारीक असते, ती तापते.

प्रश्न: गणपतीच्या मांडवात कार्यक्रम होता. कोरस म्हणताना ओठ माइकला लागले की चटका बसायचा. साउंडवाल्यानं माइकला फोम लावून दिला. एवढं पुरे का? (नाशिक)

उत्तर: अजिबात नाही, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. बहुतेक बेसच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून अॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या अर्थला. अॅम्प एका बोर्डवर आणि मिक्सर दुसऱ्या फेजवर, त्यात एकाची अर्थिंग गायब, अशी मांडवातली नेहमीची परिस्थिती असली की तारा आणि जाळी यांच्यात व्होल्टेज उभं राहतं. हात तारांवर आणि ओठ जाळीवर, म्हणजे मधला रस्ता तुमच्या छातीतून जातो. फोम घामानं किंवा पावसानं ओला झाला की संपला.

साउंडचेकच्या आधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर ओठ लावायचे नाहीत आणि वाजवायचंही नाही. स्टेजवरची सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच ठिकाणाहून, तीन पिनांच्या बोर्डवरून घ्या. जनरेटर असेल तर त्याची अर्थिंगची सळई खरंच जमिनीत ठोकलेली आहे का, हे डोळ्यांनी पाहा. पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलेला बोर्ड बँडनं स्वतःचाच बाळगावा. वर्गणी काढून घेण्याजोगी पहिली वस्तू हीच.

गुणगुण घालवायला अॅम्पची अर्थची पिन काढून टाकणारे लोक भेटतात. गुणगुण जाते, आणि बिघाड झाला तर वीज जमिनीत नेणारा रस्ताही जातो. पिनला हात लावू देऊ नका. गुणगुण दोन अर्थच्या वेटोळ्यामुळे असेल तर डीआय बॉक्सवरचं (बेसचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त सिग्नलच्या केबलची अर्थ तोडतं, विजेची नाही. आणि जॅझ बेससारखे दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज टिपणारे, एकाच वेटोळ्याचे) असतील तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून पाहा. बहुतेक बेसमध्ये ते एकमेकांची गुणगुण मारतात; एक कमी केलात की ती परत येते.

प्रश्न: आमच्या वाद्यवृंदात गायक "काळी दोन", "पांढरी चार" अशा हार्मोनियमच्या पट्ट्या सांगतात. मला फ्रेट शोधेपर्यंत मुखडा संपतो. पाच तारांचा बेस घेतला तर सोपं जाईल का? (कोल्हापूर)

उत्तर: सोपं पाठ केल्यानं होईल. ई तारेवर मोकळी पांढरी तीन. पुढे एकेक फ्रेट: पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात. आठव्या फ्रेटवर पांढरी एक, नवव्यावर काळी एक, दहाव्यावर पांढरी दोन, अकराव्यावर काळी दोन. ए तारेवर मोकळी पांढरी सहा, तिसऱ्या फ्रेटवर पांढरी एक, चौथ्यावर काळी एक, सहाव्यावर काळी दोन. पुरुष गायकांच्या काळी एक आणि काळी दोन, बायकांच्या काळी चार आणि काळी पाच या पट्ट्या वारंवार येतात. या चार जागा डोळे मिटून सापडल्या की अर्धा कार्यक्रम निघतो.

चार तारांच्या बेसला काळी दोनचा खालचा षड्ज नसतो, तो मोकळ्या ई तारेच्या अर्धा सूर खाली आहे. तिथे ए तारेचा सहावा फ्रेट धरा, आवाज भरपूर खालचाच आहे. पाचवी तार ३१ हर्ट्झपर्यंत जाते, पण मांडवातले बरेच स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाहीत. सध्या घेऊ नका.

एक सापळा मात्र ओळखून ठेवा. कीबोर्डवाला ट्रान्सपोज (बोटं न बदलता सूर वर-खाली सरकवणारी सोय) लावून वाजवत असतो. त्याची बोटं पांढरी एकवर असतात, तो "सी" सांगतो, ट्रान्सपोज अधिक तीनवर असतो आणि ऐकू येते काळी दोन. म्हणून त्याची बोटं पाहू नका, "ट्रान्सपोज किती?" हे आधी विचारा.

प्रश्न: न्यू जर्सीहून कायमचा पुण्याला परततोय. बेस अॅम्प सोबत आणू का?

उत्तर: मागच्या बाजूची पाटी वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पॉवर केबल बदला. ११५/२३० चा खटका असेल तर भारतात सॉकेटला लावण्याआधी तो २३० वर करा, आणि फ्यूज त्या व्होल्टेजसाठी सांगितलेला घाला. नुसतं १२० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, पाटीवरच्या वीजवापराच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा. तो जड असतो आणि दर तालमीला वाहावा लागतो, त्यामुळे असा अॅम्प तिकडेच विकलेला बरा. बेस जरूर आणा, विमानात देताना तारा थोड्या सैल करून.

प्रश्न: अॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं प्रीअँप सर्किट असलेला) घेतला. दोन महिन्यांत आवाज फाटायला लागला. प्रीअँप गेला का? (मडगाव)

उत्तर: आधी ९ व्होल्टची बॅटरी बदला. अशा बेसमध्ये जॅक आत गेला की सर्किट चालू होतं. बेस नुसता स्टँडवर असला तरी केबल लावलेली असेल तर बॅटरी रात्रंदिवस उतरत राहते. वाजवून झालं की केबल बेसच्या बाजूनं काढा.

प्रश्न: आमच्याकडे ढोलक आणि ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आहे. सगळे म्हणतात, बेस आणि ताल "चिकटत नाही". मी तर मात्रा चुकत नाही. (सोलापूर)

उत्तर: मग सूर कधी थांबतो ते ऐका. बहुतेक वेळा गडबड सुरुवातीत नसते, तार नको तेवढी घुमत राहण्यात असते. केरव्याचा मूळ ठेका घ्या: धा गे ना ती, न क धी न. ढोलकची घुमणारी बाजू पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला बोलते. तुम्ही समेवर षड्ज वाजवा, दुसरी मात्रा संपेपर्यंत धरा आणि तिसरीला डाव्या हाताचं बोट फ्रेटवरून सैल करून तार गप्प करा. तिसरी ते सहावी मात्रा रिकामी. सातवीला पंचम, आणि पुन्हा सम. ऐकायला फारच थोडं वाटेल. पण ढोलकचं "ना ती न क" पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू येईल, आणि चिकटणं म्हणतात ते हेच.

तालमीत पहिली वीस मिनिटं फक्त तुम्ही आणि ढोलकवाला बसा, मेट्रोनोम मिनिटाला ६० वर. गायकांना तेव्हा बोलावू नका. प्रत्येक गाण्याचा एक कागद करा: पट्टी, ताल, वाजायला सुरुवात कुठे, अंतऱ्याआधी किती आवर्तनं, शेवट तिहाईवर की गायकाच्या हातावर. तोच कागद ढोलकवाल्यालाही द्या. ऑक्टोपॅडवर किकचा आवाज लावलेला असेल तर त्या गाण्यांपुरता तो बंद ठेवायला सांगा. ढोलकचा डगा, किक आणि बेस तिघे एकाच जागेत बसत नाहीत.