तुळशीचं तेल आणि कायटोसानचा फवारा

प्रश्न : ताई, शिरपूरजवळ आमची अर्धा एकर तुळस आहे. भट्टीवर तेल कमी उतरतं. दुकानदार म्हणतो, कायटोसान फवारा. खरंच फरक पडतो का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : पडू शकतो, पण हे खत नव्हे. कायटोसान करतात कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून. बुरशीच्या पेशीभित्तीतही त्याच जातकुळीचा पदार्थ असतो, म्हणून पानावर फवारा पडला की तुळशीला वाटतं, बुरशी आली! झाडात जास्मोनिक आम्लाचा, म्हणजे झाडाच्या धोक्याच्या इशाऱ्याचा, निरोप फिरतो आणि पानांतल्या तैलग्रंथींत युजेनॉलसारखी, तेलाला वास देणारी द्रव्यं जास्त तयार होऊ शकतात. चोर नसताना कुत्रं भुंकवायचं, एवढाच हा खेळ. सारखं भुंकवलंत, तर झाडाची ताकद बचावात जाते आणि पाला घटतो. तेव्हा तेलाच्या टक्केवारीवर भुलू नका, वाफ्यामागे किती मिली निघालं ते मोजा.

कायटोसान नुसत्या पाण्यात विरघळत नाही. आधी पातळ व्हिनेगरमध्ये विरघळवा. लिटरला अर्धा ग्रॅमपासून सुरुवात करा. चार ओळींवर हे, शेजारच्या चार ओळींवर तेवढ्याच व्हिनेगरचं नुसतं पाणी. दोन्हींचा पाला भट्टीवर वेगवेगळा गाळा. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या 45 अंशांत मात्र नकोच, झाड आधीच ताणात असतं.

कापणी कधी करता, ते लिहिलं नाहीत. फुलोऱ्याआधी किंवा पाऊस उघडताच कापत असाल, तर तेल त्यानेच कमी उतरत असेल; आधी ते बदला. फवाऱ्याचे पैसे नंतर.